आवाज फुटण्याआधी

विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्मचा इतिहास बहुधा दिग्दर्शकांच्या नावांनी सांगितला जातो. मी ध्वनिमुद्रक. मला तो हेडफोनमधून कळला, आणि त्या बाजूने पाहिलं तर सगळ्यांत अवघड पात्र म्हणजे तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. म्हातारा असो, तान्हं बाळ असो, त्यांच्या तारखा कागदावर बसवता येतात. हा मुलगा मात्र कागद तयार होईपर्यंतच बदललेला असतो.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे आधी ‘प्रभात’चा स्टुडिओ होता. कोल्हापूर सोडून कंपनी 1933 साली पुण्यात आली. 1940च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये लहानपणचा ज्ञानेश्वर यशवंतने केला आणि मोठेपणचा शाहू मोडकांनी. मधलं वय, आवाज घोगरा होण्याचं, पडद्याने ओलांडूनच टाकलं. मोठ्या कंपनीला ही सोय होती. विद्यार्थ्याकडे एकच मुलगा असतो, तोही बहुतेक कुणाच्या तरी शेजारचा, आणि त्याची सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असते.

1960 साली याच जागेत सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी अशा चार शाखांचे विद्यार्थी एकत्र येऊन डिप्लोमा फिल्म करायचे, ही तिथली रीत. त्या काळच्या विद्यार्थी-फिल्मचं सगळं नियोजन एका गोष्टीभोवती फिरायचं: कच्ची फिल्म. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, म्हणजे 400 फुटांचं मॅगझिन साडेचार मिनिटांच्या आत संपतं. डबे मोजून मिळायचे. म्हणून शॉट डिव्हिजन आधी कागदावर, मग जमिनीवर खडूच्या खुणा, मग तालमींवर तालमी, आणि सगळं पक्कं झालं की कॅमेरा चालू.

मोठ्या नटांबरोबर ही पद्धत उत्तम चालते. मुलांबरोबर ती घात करते. चौदा वर्षांचा मुलगा सगळ्यांत खरं वाक्य तिसऱ्या तालमीला बोलून जातो. कॅमेरा सुरू होईपर्यंत ते शिळं झालेलं असतं, तो स्वतःचीच नक्कल करायला लागतो. फिल्मपेक्षा पाव इंची टेप पुष्कळ स्वस्त. म्हणून मी तालमीतच नाग्रा टेपरेकॉर्डर चालू ठेवायचो, कुणाला न सांगता. ती माझी त्या वयाच्या मुलांबद्दलची पहिली शिकवणी होती, आणि आजही मला ती कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाची वाटते.

खरी अडचण पुढे यायची. बाहेरच्या शूटिंगला हलका म्हणून ॲरिफ्लेक्स 2 सी कॅमेरा घ्यायचे. तो शिवणयंत्रासारखा खडखडायचा. जागेवर मिळायचा तो फक्त गाइड ट्रॅक, नंतरच्या डबिंगला आधार म्हणून. पुढे रश प्रिंट यायची, संकलन व्हायचं, आणि मग डबिंग: एकेका शॉटचा लूप करून तो पुन्हापुन्हा फिरवायचा आणि मुलाने पडद्यावरच्या आपल्याच ओठांवर वाक्य बसवायचं. या सगळ्यात महिने जायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शूट केलेल्या एका विद्यार्थी-फिल्मचं डबिंग दिवाळीनंतर लागलं. पडद्यावर किनऱ्या आवाजाचा मुलगा आईशी भांडत होता. माइकसमोर उभ्या असलेल्या मुलाला मिसरूड फुटलं होतं आणि आवाजही. तो जीव तोडून वरच्या पट्टीत बोलायचा प्रयत्न करत होता. त्याचा लाजून लाल झालेला चेहरा मला काचेतून दिसत होता. शेवटी त्याच्या धाकट्या बहिणीने ती वाक्यं म्हटली. ओठ जुळले, पण भांडणातली ती धग परत आली नाही.

त्यानंतर आमच्या कामात एक शिस्त आली. शॉट ओके झाला की कॅमेरा बंद करायचा, मुलाला तिथेच, त्याच घामात, तीच वाक्यं पुन्हा बोलायला लावायची आणि नुसता आवाज घ्यायचा. वाइल्ड ट्रॅक. वेळापत्रकात त्यासाठी प्रत्येक प्रसंगामागे वेळ राखून ठेवायचा. दिग्दर्शक कुरकुरायचे, प्रकाश जातोय म्हणायचे. मी हटायचो नाही.

त्रुफोचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ (1959) मी याच कानाने पाहिला. त्यातला बहुतेक आवाज नंतर भरलेला आहे. सुधारगृहातला मानसोपचारतज्ज्ञ बाईंबरोबरचा प्रसंग मात्र जागेवरच्या आवाजात घेतला. प्रश्न पडद्याबाहेरून येतात आणि चौदा वर्षांचा ज्याँ-पिएर लेओ स्वतःच्या मनाने उत्तरं देतो. टेबलावर चाळा करणारे हात आणि मध्येच अडखळणारा आवाज एकाच क्षणाचे आहेत, म्हणून तो प्रसंग इतका आत शिरतो.

आपल्याकडे त्या वयाचा खरा आवाज मला पुण्याबाहेरून ऐकू आला. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यातला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त आणि मग 2016च्या ‘सैराट’मध्ये नायिका आर्चीचा भाऊ प्रिन्स म्हणून दिसला. ‘प्रभात’ने जे वय ओलांडलं, ते इथे एकाच मुलाच्या अंगावर, फिल्ममागून फिल्म, वाढताना दिसतं. मोठी संस्था, मोठा स्टेज नसलेल्या एका विद्यार्थ्यापासून हे सुरू झालं, याचं मला फार अप्रूप आहे.

आता महाविद्यालयातली मुलं लघुपट करताना सल्ला घ्यायला येतात. फोनमध्ये कितीही वेळ शूट करता येतं, डबे मोजावे लागत नाहीत. म्हणून कागदही गेला, आणि ते मला पटत नाही. मी त्यांना दोनच गोष्टी आधी लिहून आणायला सांगतो: मुलांच्या परीक्षांच्या तारखा, आणि ठरवलेल्या जागेवर सकाळ, दुपार, संध्याकाळ काय ऐकू येतं. परवा एक गट दहावीतल्या दोन मैत्रिणींची गोष्ट घेऊन आला. जागा हायवेलगतची गच्ची. “आवाज नंतर डब करू, सर,” म्हणाले. मी त्यांना गच्ची बदलायला लावली. आता ते एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या चाळीत शूट करणार आहेत, दुपारी दोन ते चार, नळाला पाणी यायच्या आत.