श्रीस्थानकाचा राजा आणि दगडातली जाणीव

अंबरनाथचं शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिलंय. शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. ते बांधणाऱ्या शिलाहार घराण्यात पुढे बाराव्या शतकात अपरादित्य नावाचा राजा झाला. ताम्रपटांत 'श्रीस्थानक' म्हणून येणारं आपलं ठाणं त्याच्याच राज्यात. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या 'अपरार्क' टीकेमुळे अभ्यासक त्याला ओळखतात. पण 'न्यायमुक्तावली' ही आणखी एक टीका त्याच्या नावावर आहे, भासर्वज्ञाच्या 'न्यायसार' या तर्कग्रंथावरची.

याच राजाने तेजकंठ नावाचा दूत काश्मीरला पाठवला होता. मंख कवीच्या 'श्रीकंठचरिता'त तिथल्या पंडितसभेचं वर्णन आहे, त्यात आपल्या कोकणचा हा तेजकंठ भेटतो!

गंमत बघा. जाणिवेबद्दल न्यायशास्त्र आणि काश्मीरचे शैव अगदी दोन टोकांना. न्यायवाले म्हणतात, दगड जड तो जडच. आत्म्यालासुद्धा जाणीव होते ती मनाशी संयोग झाला तरच. शैव म्हणतात, मुळात सगळं चैतन्यच. दगडात ते पार आकसलेलं, माणसात थोडं उमललेलं.

पश्चिमेकडेही काही तत्त्वज्ञ कणाकणात जाणीव मानतात. पण कणांच्या जाणिवा जोडून एक मन कसं होणार? विल्यम जेम्सने १८९० मध्येच हे दाखवलं होतं. बारा शब्दांचं वाक्य घ्या, बारा जणांना एकेक शब्द द्या. कितीही दाटीने उभे करा, अख्खं वाक्य कुणाच्याच मनात येत नाही. शैव थेंब जोडून समुद्र करत नाहीत, त्यामुळे ते यातून सुटतात. पण मग चैतन्य एकच, तर माझी दाढ दुखते तेव्हा तुमची का दुखत नाही, हे त्यांना सांगावं लागतं.

आमच्या वयात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आठवण पुसली गेलेल्या मित्राचा हात हातात घेतला, की वाटतं, आत कोण आहे? मन सुटलं की जाणीव संपली, असं बहुतेक नैयायिक म्हणतील. मोक्षातही ते जाणीव ठेवत नाहीत. भासर्वज्ञ मात्र इथे आपल्याच लोकांपासून वेगळा होतो. मोक्षात नित्य सुख असतं आणि त्याची जाणीवही असते, असं तो म्हणतो.

राज्यकारभार सांभाळून त्या राजाने टीकेसाठी नेमका हाच ग्रंथ घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं. असो. दाढेच्या प्रश्नाचं उत्तर कुणाला सुचलं, तर जरूर कळवा.