पहिली कादंबरी आणि संपादकाचा हात

मराठी कादंबरीचा इतिहास आपण लेखकांच्या नावांनी शिकवतो. हस्तलिखित आणि छापील पुस्तक यांच्या मधल्या काळात काय घडले, हा प्रश्न एम.ए.च्या वर्गात सहसा निघत नाही. पहिल्या कादंबरीबाबत तरी तो निघायला हवा, कारण तेव्हा लेखकाला आपल्या मजकुराचे मोजमाप स्वतःला करता येत नसते.

राम पटवर्धनांचे 'पाडस' आपल्या सर्वांच्या वाचनातले. मूळ कादंबरी मार्जोरी रॉलिंग्ज यांची, १९३८ सालची. मुलाला केंद्रस्थानी ठेवून लिहा, असा आग्रह त्यांना संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी धरला होता. याच पर्किन्सनी फिट्झजेराल्डच्या पहिल्या कादंबरीची पाठराखण केली. प्रकाशनसंस्थेने ती दोनदा परत केली. पुनर्लेखनानंतर १९१९ मध्ये स्वीकारली. संपादकाच्या आग्रहातून घडलेली कादंबरी आपल्या एका संपादकानेच मराठीत आणावी, हा योगायोग मोठा सूचक वाटतो.

श्री. पु. भागवत आणि पटवर्धन यांचा 'सत्यकथे'तला शिरस्ता सर्वश्रुत आहे: लेखन परत जाई, पण सोबत सविस्तर पत्र असे, आणि पुन्हा लिहिण्याची सूचना. या साक्षेपातून एक साचाही तयार झाला, हा आक्षेप निराधार नाही. १९६९ मध्ये 'सत्यकथे'च्या अंकाची होळी झाली, ती या अधिकाराविरुद्धचीच चीड होती.

त्याआधी, १९६३ मध्ये, 'कोसला'ने दुसरी वाट दाखवली होती. पंचविशीतल्या नेमाड्यांनी ती सांगवीला काही आठवड्यांत लिहून काढली आणि पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी त्याच वर्षी छापली. चारच वर्षांपूर्वी खांडेकरांची 'ययाति' काढणारे हेच प्रकाशक! इथे लेखणी फिरवण्यापेक्षा विश्वास टाकणे महत्त्वाचे ठरले. आमच्या मते हेही संपादनच. काय बदलू नये हे ओळखणारे.

कर्जतच्या वर्गात व्यंकटेश माडगूळकरांची पहिली कादंबरी 'बनगरवाडी' (१९५५) शिकवताना मेंढरे, दुष्काळ, ओस पडणारी वस्ती यांवर टीप द्यावी लागत नाही. मुले तो मजकूर आपलाच म्हणून वाचतात. काही जण पुढे लिहितातही. पण त्यांच्या हस्तलिखिताला ना भागवत भेटतात, ना देशमुख. पदरचे पैसे घालून पुस्तक निघते, आणि बारकाईने वाचणारा पहिला वाचक असतो अक्षरजुळणी करणारा. तो बिचारा चांगल्या हेतूने बोलीतली क्रियापदे 'शुद्ध' करून टाकतो. तालुक्याच्या कोपऱ्यातला धनगर मग पुण्याच्या पेठेतले बोलू लागतो, आणि मुद्रिते तपासताना लेखकही ते तसेच राहू देतो, कारण छापलेले बरोबरच असणार, असे त्याला शाळेपासून वाटत आलेले असते.