ट्रॅकवरचा टायर आणि घाटातला पाऊस

मोटार एक टनाची असो वा दोन टनांची, रस्त्याशी तिचा संबंध चार तळहातांएवढ्या जागेपुरताच असतो. इंजिनाची ताकद, ब्रेकची धार, स्टिअरिंगचा नेमकेपणा हे सारे या चार ठशांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचते. म्हणून गाडीवर हौसेने खर्च करणाऱ्याने पहिला पैसा टायरवर घालावा, हा जाणकारांचा जुना सल्ला रास्तच आहे. मात्र कोणत्या टायरवर, हा प्रश्न गोव्यात वाटतो तितका सोपा नाही. रविवारी पहाटे चोर्ला किंवा अनमोड घाट चढणारा हौशी चालक आणि वर्षातून एखाद्या वेळी कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर अथवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई येथील सर्किटवर गाडी नेणारा चालक हा बहुधा एकच माणूस असतो. त्याच्याकडे गाडी एकच आणि टायरचा संचही एकच. ट्रॅकच्या कोरड्या, तापलेल्या डांबरावर सर्वोत्तम ठरलेला टायर जुलैतल्या घाटात त्याच गाडीचा सर्वांत कच्चा दुवा ठरू शकतो, हे अनेकदा खरेदीनंतर ध्यानी येते.

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. डांबरातील खडीच्या बारीक उंचवट्यांवर ते दबते, त्यांच्या फटींत शिरते आणि मूळ आकारात परतताना थोडे रेंगाळते. या रेंगाळण्यात ऊर्जा खर्च होते आणि तोच घसरणीला होणारा विरोध. दुसरे म्हणजे, रबर आणि रस्ता यांचे पृष्ठभाग रेणूंच्या पातळीवर एकमेकांना चिकटतात. मध्ये पाण्याचा पातळ थर आला की हे चिकटणे जवळजवळ संपते आणि सगळी भिस्त पहिल्या प्रकारावर येऊन पडते. त्यात तापमानाचा खेळ आहे. प्रत्येक मिश्रण विशिष्ट तापमानाच्या पट्ट्यातच नीट काम करते. त्याखाली ते कडक राहते, त्यापलीकडे ते मऊ पडून फाटू लागते. ट्रॅकसाठी बनवलेले मिश्रण चांगले तापल्यावरच जागे होते. पावसात रस्त्यावरचे पाणी टायरला सतत थंड करीत राहते, त्यामुळे घाटात मर्यादेत गाडी चालवणाऱ्याला हे मिश्रण जागे झालेले कधी दिसतच नाही. जे महागात विकत घेतले ते वापरातच येत नाही, असा हा प्रकार.

पूर्वी रबरात भर म्हणून प्रामुख्याने काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातली जाई. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिशेलिनने मोटारींच्या टायरमध्ये सिलिकाचा मोठा वापर सुरू केला आणि ओल्या रस्त्यावरील पकड व इंधनाची बचत ही दोन्ही उद्दिष्टे बऱ्याच अंशी एकत्र साधली. आज रस्त्यासाठी बनलेल्या चांगल्या स्पोर्ट टायरची पावसातली कामगिरी थक्क करणारी असते, ती मुख्यतः या रसायनशास्त्रामुळे. ‘स्पोर्ट टायर पावसात वाईट’ ही जुनी समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. रस्त्याचा स्पोर्ट टायर आणि ट्रॅककडे झुकलेला सेमी-स्लिक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि दुकानात दोन्ही ‘परफॉर्मन्स’ याच एका नावाखाली मांडलेले असतात.

सेमी-स्लिक ओळखणे अवघड नाही. त्याच्या माथ्यावर रबराचे मोठे सलग पट्टे असतात, खाचा मोजक्या आणि उथळ. रस्त्याच्या नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते, तर सेमी-स्लिकची जेमतेम पाच-सहा. खाचा कमी म्हणजे वळणावर रबराचे ठोकळे कमी लचकतात, स्टिअरिंगला उत्तर तत्काळ मिळते आणि उष्णताही आटोक्यात राहते. मात्र पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही. संपूर्ण गुळगुळीत स्लिक तर केवळ शर्यतीच्या ट्रॅकपुरताच. सार्वजनिक रस्त्यावर त्याला स्थान नाही.

टायरच्या भिंतीवर छापलेली अक्षरे वाचता आली की निम्मे काम होते. ‘२२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू’ असा मजकूर असेल तर टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १७ इंच. ९१ हा भारांक एका टायरने ६१५ किलो पेलावे असे सांगतो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता. एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, वाय म्हणजे ३००. वेगाच्या या अक्षराला पकडीचे प्रमाणपत्र समजण्याची चूक सर्रास होते. ते अक्षर टायर त्या वेगाच्या उष्णतेत टिकेल एवढेच सांगते, वळणावर तो किती धरेल याबद्दल ते मूक आहे. वाहननिर्मात्याने सांगितलेल्या भारांकाच्या किंवा वेगाक्षराच्या खाली मात्र कधीच उतरू नये.

भिंतीवरचा आणखी एक आकडा गोव्यासारख्या दमट, उष्ण प्रदेशात विशेष मोलाचा आहे. लंबगोलात कोरलेले चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात; ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर वापराविनाही जुने होते, उष्णतेत आणि उन्हात लवकर. मोठ्या सवलतीत मिळणारा आयात स्पोर्ट टायर पुष्कळदा कोणाच्या तरी गोदामात काही उन्हाळे काढून आलेला असतो. पैसे देण्यापूर्वी चारही टायरचे हे अंक पाहावेत. दुकानदाराने त्यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. भारतात विक्रीसाठी असलेल्या टायरवर आयएसआय चिन्हही असावे लागते.

हौशी मंडळींच्या बोलण्यात ‘ट्रेडवेअर दोनशे’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. अमेरिकेतील वर्गीकरणात १०० हा आधारभूत टायरचा अंक धरून झीज किती सावकाश होते हे दर्शवले जाते. २०० म्हणजे त्याच्या दुप्पट टिकाऊ. आकडा जितका लहान तितके रबर मऊ, असा अंदाज त्यावरून बांधतात. पण हा आकडा उत्पादक स्वतःच नेमून देतो, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फार ताणू नये. त्याच वर्गीकरणातील डबल ए, ए, बी, सी ही श्रेणी ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरते. वळणातील पकड तिच्या कक्षेतच नाही.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथल्या टायरची खरी परीक्षा म्हणून पाण्याचीच आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला बावीस मीटर पुढे सरकते. ठशाची लांबी पंधरा सेंटिमीटर धरली, तर त्या ठशाखालचे पाणी बाजूला सारायला टायरला सेकंदाचा हजारावा भाग सात वेळा मोजण्याएवढाच अवधी मिळतो. तेवढ्यात पाणी निघाले नाही तर टायर त्यावर तरंगू लागतो, स्टिअरिंग हलके होते आणि ब्रेकला अर्थ उरत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून एक ठोकताळा निघाला: साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. या हिशेबाने ३२ पीएसआय दाबाला तो वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. मोटारीच्या टायरची नक्षी, रुंदी आणि झीज यांनुसार प्रत्यक्षातला आकडा पुढे-मागे होतो. पण दाब उतरला की तो वेगही उतरतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. रुंद टायर अधिक पाण्यावर चढतो, हेही त्याच जोडीला.

झिजेचे गणितही असेच. मोटारीसाठी कायद्याने खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर ठेवली आहे आणि खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे ती मर्यादा दाखवतात. पावसातली पकड मात्र त्याच्या बरीच आधी ढासळते. तीन मिलिमीटर उरले असता गोव्यातल्या चालकाने मे महिन्यातच टायर बदलावेत. गोटा झालेल्या टायरवर आणखी एक पावसाळा काढण्यात जी बचत होते ती बचत नव्हे. त्यातच पहिल्या सरींचे दिवस सर्वांत फसवे, कारण उन्हाळाभर साठलेले तेल, धूळ आणि लाल माती त्या दिवसांत रस्त्यावर चिकट लेप तयार करतात. त्या लेपावर जगातला कोणताही टायर सरळ वागत नाही.

ट्रॅकवर शत्रू पाणी नसून उष्णता. पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीसत्रात टायर रस्त्यावर कधी अनुभवत नाही इतका तापतो. आतली हवा ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली तर ३२ पीएसआयचा दाब सुमारे ४० वर जातो. ठसा मधोमध फुगतो आणि पकड सुटू लागते. म्हणून अनुभवी चालक ट्रॅकवरून परतताच, टायर गरम असतानाच, दाब मोजतात आणि जास्तीची हवा सोडतात. इथपर्यंत सारे योग्य. घोळ होतो तो संध्याकाळी. गरम टायरमध्ये ३४ वर आणून ठेवलेला दाब टायर पुन्हा ३० अंशांपर्यंत निवाला की २७ च्या आसपास येतो. त्या अवस्थेत गाडी परतीच्या वाटेला लागली आणि पाऊस गाठ पडला, तर वरच्या ठोकताळ्याने तरंगण्याचा वेग ९४ वरून ८७ वर घसरलेला असतो, आणि टायर दिवसभरात झिजलेला असतो तो वेगळाच. सकाळी काढलेली प्रत्येक पीएसआय हवा निघण्यापूर्वी परत भरणे आणि चाकांचे नट ठरलेल्या जोराने पुन्हा तपासणे, एवढे केल्याशिवाय ट्रॅकचे आवार सोडू नये.

झिजलेला टायर बोलतोही. बाहेरचा खांदाच खरवडलेला असेल तर दाब कमी पडला किंवा चाकाचा कल अपुरा आहे; पृष्ठभागावर दाणे उठले असतील तर रबर पुरेसे न तापताच घासले गेले; फोड आले असतील तर आतून भाजले. वारंवार तापून निवलेले मिश्रण हळूहळू कडक होते, मग खाचा शाबूत दिसल्या तरी पकड गेलेली असते. ट्रॅकवर पाच-सहा सत्रे करून आलेला टायर खाचांच्या खोलीवरून पारखणे म्हणूनच फसवे ठरते.

मोठे रिम बसवण्याची हौस गोव्यात मोठी आहे. त्यातले गणित सोपे आहे: एकूण व्यास जवळपास कायम राहिला पाहिजे. १९५/६५ आर १५ या मापाचा व्यास ६३४.५ मिलिमीटर भरतो, २०५/५५ आर १६ चा ६३१.९ आणि २२५/४५ आर १७ चा ६३४.३. म्हणजे ही तिन्ही मापे एकमेकांच्या जागी बसण्याजोगी आहेत आणि वेगमापकही खोटे बोलणार नाही. पण भिंतीची उंची १२७ मिलिमीटरवरून १०१ वर येते. हा गेलेला एक इंच वळणावर सुखावतो आणि पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात रिम वाकवतो. वाहननिर्मात्याने मान्य केलेल्या मापांबाहेर गेल्यास विम्याच्या दाव्यात वाद उद्भवू शकतो, तो भाग निराळा. रोजच्या रस्त्यासाठी एक पायरी मोठे रिम पुरेसे. दोन पायऱ्या चढणे हे बहुतांशी छायाचित्रासाठी असते.

दुचाकीवाल्यांचे प्रकरण थोडे वेगळे. तिथे ठसा आणखी लहान आणि गाडी कलली की तो टायरच्या कडेला सरकतो. म्हणूनच अनेक टायर मधोमध टिकाऊ आणि कडांना मऊ अशा दुहेरी मिश्रणाचे असतात. ट्रॅकवरचे सुपरस्पोर्ट टायर घाटात थंडच राहतात. गोव्याच्या पावसाला स्पोर्ट-टूरिंग प्रकार अधिक मानवतो, कारण तो थंड असतानाही धरतो आणि त्याच्या खाचा पाण्यासाठीच आखलेल्या असतात. पुढे एका बांधणीचा आणि मागे भलत्याच बांधणीचा टायर बसवू नये. कडेला न झिजलेली रबराची पट्टी राहिली की तरुण चालकांना ती लाजिरवाणी वाटते. सार्वजनिक घाटात ती पट्टी शिल्लक असणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. ती पुसायची असेल तर त्यासाठी ट्रॅक आहे.

निवडीकडे वळायचे तर, ज्याची गाडी वर्षभर रस्त्यावरच धावते त्याने ओल्या रस्त्यावरील पकडीत नावाजलेला रस्त्याचा स्पोर्ट टायर घ्यावा आणि ट्रेडवेअरच्या चर्चेत पडू नये. वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्यालाही तोच टायर पुरेसा आहे. तो थोडा लवकर झिजेल आणि फेरीचा वेळ काही सेकंदांनी वाढेल, पण शिकणाऱ्याला तो अधिक उपयोगी, कारण सुटण्यापूर्वी तो आवाज करून आणि हळूहळू सरकून सूचना देतो. सेमी-स्लिक शेवटपर्यंत धरतो आणि मग एकदम सोडतो. त्याहून अधिक वेळा ट्रॅकवर जाणाऱ्याने सेमी-स्लिक घ्यावा, पण वेगळ्या रिमवर चढवलेला दुसरा संच म्हणून, आणि तो ट्रॅकवर पोहोचल्यावर बसवावा. सुरुवातीला हा खर्च जड वाटतो. परंतु दोन्ही संच आपापल्या कामापुरतेच झिजतात, म्हणून काही वर्षांच्या हिशेबात तो तितका जड राहत नाही.

केवळ दोनच टायर बदलायचे असतील तर गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी नवे टायर मागे बसवावेत. ओल्या वळणात मागचा भाग आधी सुटला तर सामान्य चालकाला गाडी सावरता येत नाही. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना वापरलेल्या द्रव्याचा अंश असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर सावकाश जावे. दाब मोजायचा तो सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, आणि शक्यतो स्वतःच्या मापकाने. पेट्रोल पंपापर्यंत पोहोचेस्तोवर टायर तापलेला असतो.