खेळाच्या शेवटीं वीरानें मरावें काय ?

इ. स. १६८१ मध्यें नेहम टेट नांवाच्या कवीनें शेक्सपीअरच्या 'किंग लिअर' नाटकाचा शेवट बदलला. मूळ नाटकांत कॉर्डेलियाला फांस बसतो आणि तिच्या प्रेताजवळ म्हातारा लिअर प्राण सोडतो. टेटनें दोघांनाही जगविलें, इतकेंच नव्हे तर कॉर्डेलियाचें एडगरशीं लग्नही लावून दिलें! हा गोड 'लिअर' इंग्रजी रंगभूमीवर सुमारें दीडशें वर्षें नांदला. एडमंड कीन या नटानें १८२३ सालीं शोकान्त शेवट परत आणला व मॅक्रीडीनें १८३८ सालीं बहुतेक मूळ संहिताच उभी केली, तेव्हां कोठें टेटची सद्दी संपली.

हाच वाद पुढें एका अगदीं नव्या कलेंत उपस्थित झाला. ती कला म्हणजे संगणकावर खेळावयाच्या विज्ञानकथांची. नाटकांत प्रेक्षक नायकाकडे पाहतो. येथें तो स्वतःच नायक होऊन वागतो. अर्थात् नायकाचा सर्वनाश येथें नुसता पाहावा लागत नाहीं, तो आपल्या हातानें घडवावा लागतो.

१९८३ सालीं अमेरिकेंतील इन्फोकॉम कंपनीनें 'प्लॅनेटफॉल' हा खेळ काढला. त्यांत चित्रें नव्हतीं, केवळ अक्षरें होतीं. स्टीव्ह मेरेट्स्की या लेखकानें त्यांत फ्लॉईड नांवाचा एक पोरकट, लाघवी यंत्रमानव घातला होता. तो खेळणाऱ्यासाठीं भयंकर प्राण्यांनीं भरलेल्या प्रयोगशाळेंत आपण होऊन शिरतो, हवी ती वस्तु आणतो आणि मरतो. त्या अक्षरांवर अनेकांनीं अश्रु ढाळले. शेवटीं मात्र फ्लॉईड दुरुस्त होऊन हजर होतो. लेखकानेंच टेटचें काम उरकून घेतलें होतें.

'फॉलआउट ३' या २००८ सालच्या खेळांत उलट प्रकार झाला. अणुयुद्धानें उद्ध्वस्त झालेल्या वॉशिंग्टनच्या परिसरांत शुद्ध पाणी मिळावें म्हणून नायकानें प्राणघातक किरणांनीं भरलेल्या दालनांत शिरावें, अशी योजना होती. पण फॉक्स नांवाचा जो सोबती जवळ असूं शकतो, त्याला या किरणांची बाधाच होत नाहीं. आणि तोच, हें तुझें भाग्य आहे असें सांगून आंत जाण्याचें नाकारतो! असें हौतात्म्य कोणाला पटावें ? २००९ सालच्या पुरवणींत सोबत्याला पाठविण्याची सोय झाली व नायकही वांचला.

'हेलो : रीच' (२०१०) मध्यें नायक मरतो, तरी त्याविरुद्ध असा गिल्ला झाला नाहीं. त्या ग्रहाचा पाडाव व्हावयाचा हें मालिकेच्या वाचकांना आधींच ठाऊक होतें, आणि खेळाच्या प्रारंभींच जमिनीवर पडलेलें फुटकें शिरस्त्राण दाखविलें होतें. करार पहिल्याच पानावर झाला होता.

खरें वादळ उठलें तें मार्च २०१२ मध्यें. कॅनडांतील एडमंटनच्या बायोवेअर संस्थेनें 'मास इफेक्ट' मालिकेचे तीन खेळ २००७, २०१० व २०१२ या सालीं काढले. पहिल्यांत दोन सहकाऱ्यांपैकीं कोणाला मरूं द्यावयाचें हें शेपर्ड या नायकानें, म्हणजे खेळणाऱ्यानें, ठरवावयाचें असे. दुसऱ्यांत तयारी चोख असली तर सारे परततात. ढिसाळ असली तर शेपर्डही मरतो. तिसऱ्यांत मॉर्डिन हा शास्त्रज्ञ, एका जमातीचा वंश खुंटविणाऱ्या ज्या रोगावर त्यानें पूर्वीं काम केलें होतें, त्याचाच उतारा सोडण्यासाठीं कोसळत्या मनोऱ्यावर एकटा चढतो आणि स्फोटांत नाहींसा होतो. हें मरण लोकांनीं डोक्यावर घेतलें. मग लोकांना दुःख नको होतें, हें म्हणणें कितपत टिकतें ? ज्यांना केवळ गोड शेवट हवा होता असेही कांहीं होतेच. पण मुख्य तक्रार निराळी होती. अखेरीस तीन मार्ग पुढें येत. कोणताही घेतला तरी जवळजवळ तींच दृश्यें दिसत, केवळ प्रकाश तांबडा, निळा किंवा हिरवा. ताऱ्यांना जोडणारे मार्ग प्रत्येक वेळीं नष्ट होत. मित्रांचें पुढें काय झालें याचा पत्ता नसे. तीन खेळांत केलेली निवड शेवटच्या दहा मिनिटांत कवडीमोल ठरली.

नाराजांनीं बायोवेअरकडे त्या तीन रंगांचे केक पाठविले. रंग कोणताही असो, चव एकच! त्याच मंडळींनीं रुग्णालयांतील मुलांना खेळणीं पुरविणाऱ्या संस्थेसाठीं ८०,००० डॉलरांहून अधिक रक्कमही जमविली. ग्रंथकाराच्या स्वातंत्र्याची बाजू दुसऱ्यांनीं जोरानें मांडली, आणि ती हलकी नव्हे. मागणीप्रमाणें शेवट शिवून देऊं लागल्यास लेखकाचा शिंपी होतो. परंतु जेथें निवड करण्याचा भार लेखकानेंच दुसऱ्यावर टाकला आहे, तेथें त्या निवडीचा हिशेब देणें त्याला टाळतां येत नाहीं.

२१ मार्च रोजीं संस्थेचे एक संस्थापक रे मुझिका यांनीं जाहीर पत्र लिहिलें. २६ जूनला वाढविलेला शेवट विनामूल्य निघाला. त्यांत मित्रांचें, जमातींचें काय झालें तें सविस्तर दाखविलें होतें. शेपर्डचें मरण मात्र पुसलें नव्हतें, तरीही राग पुष्कळ ओसरला. शिवाय एक चौथा मार्ग खुला झाला. तिन्ही पर्याय नाकारावयाचे. तो घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत युद्ध हरतें, सारे मित्र मरतात, आणि विजय मिळतो तो फार पुढच्या, त्यांना कधींही न पाहिलेल्या पिढीला.