वसुबारस माहीत आहे. वाघबारस?

आज गोष्ट आपल्या शेजाऱ्याची. शेजारी चार पायांचा आहे.

२० फेब्रुवारी २०१९. ठाण्यातल्या कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत पहाटे एक बिबट्या दिसला. काही तासांनी जवळच्याच एका हॉटेलच्या तळघरात वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडलं. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एक बिबट्या थेट एका इमारतीत शिरला, काही लोक जखमीही झाले. दोन्ही वेळी मोबाईलवर मेसेज एकच फिरत होता : "बिबट्या शहरात घुसला!"

हा 'घुसला' शब्द लक्षात ठेवा. आपल्याच जिल्ह्यात एक सण आहे, ज्याच्या हिशोबात बिबट्या घुसखोर नाहीच.

दिवाळीचा पहिला दिवस म्हणजे वसुबारस, आश्विन वद्य द्वादशी. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्येसुद्धा त्या दिवशी गाय-वासराची छोटी मूर्ती पुजली जाते. पण डोंगराकडच्या पाड्यांवर वारली, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांत हीच बारस 'वाघबारस' असते. म्हणजे तिथी एकच, पण शहर गायीची पूजा करतं आणि रान गाय खाणाऱ्याची! गंमत वाटते, पण त्यात तर्क आहे. गुरं रानात चारणाऱ्या माणसाला गाय वाचवायची असेल, तर बोलणी वाघाशीच करावी लागणार.

वारल्यांमध्ये या देवाला म्हणतात वाघोबा किंवा वाघदेव. विठोबा, खंडोबा, तसा वाघोबा. देऊळ म्हणजे बहुतेक वेळा झाडाखाली शेंदूर फासलेला दगड किंवा लाकडी फळी, त्यावर कोरलेला वाघ, कुठे जोडीला चंद्र-सूर्य. कथा पाड्यागणिक बदलते, पण गाभा साधारण असा : एका बाईच्या पोटी जन्मलेलं मूल वाघ होतं आणि गुरं मारू लागतं. गावकरी चिडतात. शेवटी आई मध्ये पडून तोड काढते. वाघाने रानात राहायचं आणि गावाने वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा. थोडक्यात करार. आपल्या लीव्ह अँड लायसन्ससारखा, मुदत संपली की रिन्यू करायचा!

आता इतिहास बघू. ठाणे जिल्ह्यात एकेकाळी खरोखर पट्टेवाले वाघ होते. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये त्यांची नोंद आहे. घोडबंदर रोडवरच्या वाघबीळच्या नावातही वाघ आहे. पण इंग्रज सरकारच्या लेखी वाघ म्हणजे उपद्रव, मारून आणला की बक्षीस. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशोबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात ८० हजारांहून जास्त वाघ आणि दीड लाखांहून जास्त बिबटे मारले गेले. आपल्याकडचे पट्टेवाले वाघ संपले. बिबट्या उरला.

मग देवाचं काय झालं? काहीच नाही. कारण गावाकडच्या मराठीत दोघंही वाघच : एक पट्टेवाला, दुसरा बिबट्या. पट्टे गेले, ठिपके आले आणि पूजा चालू राहिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून जास्त देवस्थानं नोंदवली. म्हणजे ही आजची, चालू गोष्ट आहे.

याचा अर्थ पाड्यावर सगळं गोडीगुलाबीने चालतं, असा नाही. बिबट्या कोंबड्या नेतो, बकऱ्या नेतो, कधी माणसावरही हल्ला करतो आणि लोक संतापतात. पूजेने धोका संपत नाही. पण शेजारी धोकादायक आहे आणि तरी तो शेजारीच आहे, हे दोन्ही एकदम मनात धरायची सवय या सणातून लागते.

शहराने आधी उलटं केलं. बिबट्या दिसला की पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. विद्या अत्रेया यांच्या जुन्नर भागातल्या संशोधनातून दिसलं की अशा हलवाहलवीने संघर्ष उलट वाढू शकतो. २००४ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती हल्ल्यांची मोठी लाट आली होती. २०११ मध्ये वनखात्याने संशोधक आणि नागरिकांना घेऊन जनजागृती सुरू केली. त्यातल्या सूचना साध्या होत्या : कचरा साठवू नका, कारण कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अंधारात मुलांना एकटं सोडू नका. बिबट्या दिसला तर घेराव घालू नका. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत या भागात ३५ बिबटे आढळले. उद्यान आहे जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, आणि भोवती लाखोंची वस्ती. तरीही बहुतेक रात्री कोणाला काही कळतसुद्धा नाही.

असे सण इतरत्रही आहेत. नेपाळमध्ये याच दिवाळीच्या दिवसांत आधी कावळ्याला आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्याला मान मिळतो, कुत्र्याच्या गळ्यात चक्क हार असतो. सुंदरबनात मध गोळा करायला जाणारे हिंदू आणि मुसलमान, दोघंही बोनबीबीचं नाव घेऊन जंगलात शिरतात. तिच्या कथेतही वाघाचं रूप घेणाऱ्या दोक्खिन रायशी तोडगाच निघतो, आणि माणसाला अट असते : गरजेपुरतंच घ्या.

वाघोबाच्या करारातही दुसरी बाजू आपली आहे. वाघाने रानात राहायचं, हे ठरलंय. पण त्यासाठी रान उरायला हवं ना? येऊरच्या पायथ्यापर्यंत टॉवर आले, जाहिरातीत 'फॉरेस्ट व्ह्यू' लिहून फ्लॅट विकले गेले. त्या व्ह्यूमध्ये कोण राहतं, हे ब्रोशरमध्ये नसतं. पाड्यांवरचे लोक दर बारसेला ते आठवतात. आपल्याकडे आठवण करून द्यायला सीसीटीव्हीच आहे.

तर यंदा वसुबारसेला गायीला नैवेद्य दाखवाल, तेव्हा एक नजर डोंगराकडेही टाका. आणि पुढच्या वेळी 'बिबट्या घुसला' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी विचारा : नक्की कोण कोणाकडे घुसलं?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि कचरा वेळेवर टाका!