संगणक-जाल उपकरणे
संगणक परस्परांशी जोडून त्यांच्यात विदेची देवाणघेवाण घडवून आणणारी साधने. रिपीटर, हब, ब्रिज, स्विच व राउटर ही त्यांपैकी प्रमुख होत. बाह्यतः ती पुष्कळशी सारखी दिसतात. आलेल्या संदेशाचा किती भाग उपकरण वाचते, यावर त्यांच्यातील भेद अवलंबून असतो.

रिपीटर काहीच वाचीत नाही. क्षीण झालेला संकेत सबळ करून पुढे पाठवितो. हब हा अनेक द्वारांचा रिपीटरच होय. एका द्वाराने आलेला संदेश तो इतर सर्व द्वारांना देतो. त्यामुळे संगणक वाढले की संदेशांची टक्कर होऊन जाल मंदावते. ब्रिज व स्विच हे यंत्राचा पत्ता पाहून संदेश संबंधित द्वारापुरताच सोडतात. ‘कल्पना’ या अमेरिकन कंपनीने १९९० मध्ये सात द्वारांचा ईथरनेट स्विच प्रचारात आणला. राउटर जालाचा पत्ता वाचून भिन्न जालांमधील मार्ग निवडतो. त्याचे पूर्वरूप १९६९ मध्ये आर्पानेटसाठी उभारलेल्या यंत्रांत आढळते. म्हणजे कालक्रमाने राउटर स्विचच्या आधीचा ठरतो. पाठ्यपुस्तकांतील चढत्या मांडणीमुळे ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र व पवईची भारतीय तंत्रविद्या संस्था यांचा समावेश होता. जिल्ह्यांसाठी मात्र ‘निकनेट’ हे उपग्रहीय जाल उभारण्यात आले. त्याची रचना ताराकृती होती. बुलढाण्यासारख्या ठिकाणाहून शेजारच्या अकोल्यास संदेश पाठवावयाचा, तरी अशा रचनेत तो उपग्रहामार्गे दिल्लीच्या मुख्य भूकेंद्रात जाऊन पुन्हा उपग्रहामार्गेच परत येई. उपग्रह सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असल्याने एका फेरीस पाव सेकंद व दोन्ही मिळून सुमारे अर्धा सेकंद लागे.

ग्रामपंचायतींसाठी २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत प्रकाशकीय तंतूंचा अवलंब करण्यात आला. त्यातील विभाजक (स्प्लिटर) लक्षणीय आहे. तो विजेवाचून चालतो. तालुक्याकडून येणारा प्रकाश तो हबप्रमाणे सर्व शाखांत वाटतो, परंतु ग्रामपंचायतीतील उपकरण त्यातून आपलीच विदा उचलते. उलट दिशेने प्रत्येकास बोलण्याची वेळ मुख्य उपकरण नेमून देते. म्हणून टक्कर होत नाही. हबचा स्वस्तपणा साधून त्याचा दोष टाळण्याची ही युक्ती नामी खरी, पण ग्रामपंचायतीतील उपकरणास वीज लागतेच. शिवाय जाल वृक्षाकृती असल्याने, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद वा संग्रामपूर तालुक्यात रस्त्याच्या खोदकामात तंतू तुटला, तर त्यापुढील गावे जालाबाहेर पडतात. पर्यायी वाटच नसेल, तर उत्तम राउटरही तेथे निरुपयोगी होय. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वलयाकृती जोडणीचा व ग्रामपंचायत पातळीवर राउटर बसविण्याचा अंतर्भाव करण्यात आला, तो याच उणिवेमुळे.