निळ्या रक्ताची भानगड

इंग्रजीत 'ब्ल्यू-ब्लडेड' असं एक जोडविशेषण आहे. ब्ल्यू म्हणजे निळं, ब्लड म्हणजे रक्त. कोशात अर्थ दिलाय 'कुलीन, खानदानी'. अर्थ मिळाला की आपण पान उलटतो. पण दोस्तहो, कुणाला कुलीन म्हटलं की दुसरं कुणीतरी हलकं ठरतं. म्हणून मी या शब्दाची कुळी शोधायला बसलो.

शब्द मूळचा इंग्रजांचा नाही. स्पॅनिश 'सांग्रे आसुल'चं हे भाषांतर. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात रुळला. स्पेनमधल्या कास्तिलची सरदार घराणी म्हणायची, आमच्यात मूर मुसलमानांचं, ज्यूंचं रक्त मिसळलेलं नाही. पुरावा काय? तर गोऱ्या कातडीखाली दिसणाऱ्या निळ्या शिरा! उन्हात राबून रापलेल्या अंगावर त्या कशा उठून दिसणार? म्हणजे हा निळेपणा रक्ताचा नव्हताच. दुसऱ्याच्या घामावर सावलीत बसून खाण्याचा होता. रक्त सगळ्यांचं लालच. कातडीतून उजेड परतताना शीर निळी भासते, एवढंच.

या घमेंडीमागं कायदाही होता. १४४९ साली तोलेदो शहरात फर्मान निघालं, की ज्यू वंशातून आलेल्या ख्रिश्चनांना शहरात अधिकाराची जागा नाही. धर्म बदलला तरी बाट सुटेना! पोपनं त्याच वर्षी निषेध केला. तरीही १५४७ मध्ये तिथल्या कॅथेड्रलनं तसाच नियम केला. मग 'रक्तशुद्धी' सिद्ध करायला वंशावळी आल्या, साक्षीदार आले, चौकश्या आल्या. आता तुम्हीच सांगा, रक्त खरंच वेगळं असतं तर कागद कशाला लागले असते?

हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इथल्या जातीला आपला 'कास्ता' हा शब्द चिकटवला. इंग्रजी 'कास्ट' त्यातूनच आला. आणि १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी रक्तशुद्धीचा दावाच मोडून काढला. इतिहासकार भांडारकरांचा हवाला देऊन त्यांनी दाखवलं, की बाहेरचं रक्त मिसळलं नाही अशी जात इथं जवळपास नाहीच.

तरी भाड्यानं खोली मागायला गेलं की आधी आडनाव विचारतात. रक्त बघून कळत नाही, म्हणूनच विचारतात. उद्या कुणी खानदान सांगायला लागला तर त्याला रक्तपेढीत घेऊन चला. तिथं पिशवीवर गट लिहितात, जात नाही.